मातीचं माहेरपण

मुलांनो, दाराबाहेर जाऊन चिमूटभर माती घेऊन या. कुंडीतली चालेल, अंगणातली असेल तर उत्तम. ती तळहातावर पसरा आणि तिच्यातला वाळूचा एक बारीक, चकचकीत कण निवडा. आता अशी कल्पना करा, की या कणाला तुम्हांला एकच प्रश्न विचारता येतो आणि तो कधीही खोटं बोलत नाही. प्रश्न असा: 'बाबा रे, तू शेवटचं ऊन कधी पाहिलंस?'

तुमच्या हातातला कण म्हणेल, आत्ताच, तुमच्या दारात. पण विहीर खणताना खोलातून निघालेला कण म्हणेल, चार हजार वर्षं झाली असतील. तेव्हापासून नुसता अंधार.

आता आणखी वीसेक वर्षं पुढे चला. हा प्रश्न विचारणारं यंत्र तेव्हा पेटीएवढं लहान झालं आहे. पाठीवर घेऊन डोंगर चढता येतो. लोक त्याला मातीघड्याळ म्हणतात. ते पाठीवर घेऊन एक बाई सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, धामणटेपच्या फाट्यावर एसटीतून उतरते आहे आणि तिला न्यायला तिची बारा वर्षांची भाची केतकी अर्ध्या तासापासून ताटकळत उभी आहे. ही गोष्ट केतकीची.

उतरलेली बाई म्हणजे डॉ. सुवर्णा मुठे. धामणटेपमधून शिकायला बाहेर पडलेली पहिली मुलगी. पाचवीत आश्रमशाळेत गेली, तिथून पुण्याला, आणि आता माती मंडळात शास्त्रज्ञ होती. आपल्या आत्याचं नाव सांगून सांगून केतकीने वर्गातल्या मुलींचे कान किटवले होते.

"दे, पेटी मी घेते," केतकी म्हणाली.

"अकरा किलोची आहे."

"मी दोन हंडे आणते डोक्यावरून."

"हंडा पडला तर पाणी सांडतं. ही पडली तर माझी नोकरी सांडेल," आत्या हसून म्हणाली आणि पेटीऐवजी तिने खाऊची पिशवी केतकीच्या हातात दिली.

आत्या माहेरी आली होती, पण सुट्टीला नव्हे. त्या वर्षांत पावसाची रीत पार बिघडली होती. आठ दिवसांचा पाऊस एका दुपारीच कोसळायचा आणि डोंगराचे उतार घरांवर घसरून यायचे. म्हणून सरकारने माती मंडळ नेमलं. मंडळाची माणसं एकेक डोंगर तपासत. ज्या उताराची माती शतकानुशतकं जागेवर टिकून आहे, तिथली शेती चालू राहायची. जिथे माती सतत घसरते आहे असं दिसेल, तो उतार लाल ठरायचा. लाल उतारावर चाळीस वर्षं नांगर चालवायचा नाही, आणि गावाला खाली सपाटीवर दुसरी जमीन द्यायची. नियम काही वाईट नव्हता. त्याने माणसं वाचत होती.

धामणटेपमध्ये साठ घरं. गावाच्या वर डोंगर, डोंगरावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं. त्यांना 'वरलं रान' म्हणत. तिथे नाचणी, वरई आणि खुरासणी पिकायची. गावाच्या खाली दगडी बांधाचं जोगतळं. गावाचं सगळं जगणं या दोहोंच्या मध्ये होतं.

दुसऱ्या दिवशी जोगतळ्याच्या काठावर आत्याने काळ्या कापडाचा तंबू ठोकला. तळ्याच्या आणि उताराच्या पोटात लांब नळ्या खुपसून मातीचे उभे नमुने काढले, केळीच्या गाभ्यासारखे अखंड. तंबूत फक्त एक मिणमिणता लाल दिवा होता.

"पांढरा दिवा का नाही?" केतकीने विचारलं.

"कण आंधळे होतील. नीट सांगते, बस." आत्याला शिकवायला फार आवडायचं. "जमिनीत सगळीकडे अगदी थोडा किरणोत्सर्ग असतो. अंधारात गाडलेल्या कणात त्याची ऊर्जा हळूहळू साठत जाते. फोन चार्जिंगला लावल्यासारखी. जितकी जास्त वर्षं अंधारात, तितकी जास्त साठवण. पण त्याच कणाला ऊन दाखवलं, की काही मिनिटांत सगळी साठवण रिकामी. मी यंत्रात त्याच्यावर निळा प्रकाश टाकते. साठलेली ऊर्जा बारीकशी चमक होऊन बाहेर येते. चमक मोजायची, त्यावरून वर्षं काढायची."

"म्हणजे ऊन लागलं की त्याचं वय पुन्हा शून्यापासून?"

"बरोबर. म्हणून हा लाल दिवा."

तिसऱ्या दिवशी तळ्याच्या सगळ्यांत खालच्या गाळाचं वाचन झालं. आत्याने नळी आडवी ठेवली आणि काडीने एकेक थर दाखवला. तळाशी फिकट, मऊ माती होती. तीन हजार वर्षांमागची, बांध घालायच्याही आधीची. तेव्हा इथे नुसता पाणथळ खळगा होता. त्या थरात झाडांचे परागकण ठासून भरलेले. म्हणजे डोंगरावर दाट जंगल होतं आणि वर्षाला केसाएवढीच माती खाली येत होती. त्यावर बोटभर काळा थर होता.

"कोळसा," आत्या म्हणाली. "एका वणव्याचा नाही. पुन्हा पुन्हा जाळल्याचा. कोणीतरी जंगल जाळून पेरत होतं. आणि याच काळात पावसाने ओढ दिली. बघ, परागकण किती कमी झाले. दोन-तीन पिढ्या दुष्काळ असेल. झाडं गेली, गवतही गेलं. मग पाऊस परतला तो झोडपायलाच."

काळ्या थराच्या वर हातभर जाडीचा लाल, खडबडीत थर होता. त्यात वाळू होती, खडे होते, बोराएवढे दगडही.

"हा डोंगर," आत्या हळू म्हणाली. "शंभर वर्षांत खाली आला. आग माणसाची, पाऊस आभाळाचा. एकट्या आगीने एवढं झालं नसतं, एकट्या पावसानेही नाही."

"ती माणसं म्हणजे आपणच का?"

"आपलेच पूर्वज की दुसरं कोणी, ते माती सांगत नाही."

केतकीला ते उत्तर काही आवडलं नाही. पण खरं वाईट पुढेच होतं. चौथ्या दिवशी वरल्या रानाचं वाचन झालं. एरवी जमिनीत जितकं खोल जावं, तितके कण जुने होत जातात. हात-दीड हातावर चार-पाच हजार वर्षं तरी निघावीत. इथे दोन हात खोलवरही कण सातशे, नऊशे, फार तर हजार वर्षांचे होते. म्हणजे जुनी माती केव्हाच गेली होती आणि जी होती ती वरून सरकत आलेली, कच्ची. तळ्यातही गडबड होती. बांध अकराशे वर्षांचा. या उताराच्या मानाने बांधामागे आतापर्यंत दहा हात गाळ साचायला हवा होता. होता जेमतेम दोन हात. उरलेला बांधावरून वाहून नदीला गेला, असाच त्याचा अर्थ निघत होता.

यंत्राच्या पडद्यावर निकाल आला. उतार अस्थिर. लाल.

त्या दुपारी आत्याने जेवताना सोमनाथदादाला, म्हणजे केतकीच्या बाबांना, सगळं सांगितलं. ते गावचे सरपंच होते. त्यांचा घास हातातच राहिला.

"तू आमची सुवी म्हणून सांगतीस का मंडळाची मॅडम म्हणून?"

"दादा, आकडे दोघींचे सारखेच आहेत."

"मग मॅडमचं नाव काढून टाक त्या कागदावरून. दुसऱ्या कुणाला तरी सही करू दे. आपल्या घरच्या पोरीनं गाव उठवलं असं नको."

"दुसरा आला तर त्यालाही हेच दिसेल. आणि मी खोटं लिहिलं, न् उद्या डोंगर खरंच घसरला तर? केतकी झोपलेली असेल घरात."

बाबा उठले. जाता जाता केतकीला म्हणाले, "मॅडमना ताक वाढ. पाव्हण्या आहेत."

आत्या ताटाकडे बघत राहिली. तिने ताक घेतलं नाही.

मंडळाची सुनावणी पुढच्या शनिवारी शाळेत ठरली. शाळेतही बातमी पोचली होती. खालच्या गावाहून येणारी एक मुलगी म्हणाली, "तुमच्या लोकांनी डोंगर खाल्ला म्हणे." केतकीला तिला एक ठेवून द्यावीशी वाटली, पण तिला काळा थर आठवला आणि हात उचलेना. राग करायचा तरी कुणाचा? आत्याचा करावा तर ती खरं बोलत होती. यंत्राचा करावा तर ते एकाच प्रश्नाचं उत्तर देत होतं, आणि उत्तर चुकत नव्हतं.

मधल्या मंगळवारी गावात माहेरपण होतं.

हा सण धामणटेपचा. उताराची माती पावसात वाहून तळ्यात जाते. गावातल्या बाया म्हणतात, ती सासरी गेली. चैत्रात तळं आटतं, तेव्हा तिला माहेरी आणायचं. प्रत्येक घरच्या बाईने तळ्यातून पाच पाट्या गाळ काढायचा, पहिल्या पाटीला हळदकुंकू वाहायचं आणि डोक्यावरून वरल्या रानात न्यायचा. पुरुषांनी त्यात हात घालायचा नाही. त्यांनी बायांना वर चहा आणि गुळाच्या घुगऱ्या द्यायच्या, आणि पाटी घेऊन धापा टाकत आलेल्या बायकोच्या टोमण्यांना उत्तर द्यायचं नाही.

रान जाणार हे कळूनही बाया जमल्या. पुढे ठकूआजी होती. तिचं वय कुणालाच ठाऊक नव्हतं, पण सणाची कुठली गोष्ट कशी करायची ते तिलाच विचारत. आत्या काठावर लांब उभी होती. ठकूआजीने तिला हाक मारली.

"काय गं सुवे, मंडळात लागल्यावर मान दुखती का?"

"नाही आजी. मला वाटलं, तुम्ही मला बोलावणार नाही."

"तुला कोण बोलावतंय? मातीला बोलावतोय. घे पाटी."

केतकीची ही पहिली पाटी होती. चिखल मानेवरून गळत होता. वर पोचल्यावर ती पाटी शेतात उलटणार, तोच ठकूआजी ओरडली.

"अगं ए शहाणे, लगेच घरात घेतीस व्हय? आधी खडकावर पसर. पातळ पसर, भाकरीवाणी. नऊ दिवस ऊन दाखवायचं, रोज उलथायचं, मग शेतात."

"का पण?"

"का म्हंजी? सासरहून दमून, भिजून आलीय ती. अंग वाळू दे की तिचं."

केतकी खडकावर चिखल पसरू लागली. हाताने सारवल्यासारखी पातळ. चैत्राचं ऊन रणरणत होतं. कडेची माती बघता बघता फिकट पडली. आणि केतकीचे हात थांबले.

"आत्या," ती म्हणाली. "हिचं घड्याळ शून्य झालं."

आत्या शेजारीच पाटी उलटत होती. तिने मान वर केली.

"या मातीचं. आत्ता इथे सगळे कण उन्हात आहेत. नऊ दिवसांनी शेतात जातील. आणखी हजार वर्षांनी कुणी विचारलं तर म्हणतील, आम्ही हजार वर्षांपूर्वी ऊन पाहिलं. तू त्यांना सरकत आलेली माती म्हणशील. पण ते सरकले कुठे? त्यांना तर डोक्यावरून आणलं."

आत्या म्हणाली, "पाच पाट्यांनी काय होतं केतकी? साठ घरांच्या तीनशे. त्याने डोंगर भरत नाही."

"पाच आता," ठकूआजी खडकावर टेकत म्हणाली. "पिशवीतलं खत आलं, तशा पाट्या उतरल्या. माझ्या सासूच्या वेळी घराला पन्नास असायच्या. महिनाभर चालायचं. पोरगी बघायला आले तर आधी मान बघायचे, घट्टा पडलाय का."

आत्या खाली बसली आणि मातीत काडीने आकडे मांडू लागली. तळ्यातून आठ हात गाळ गायब होता. तळ्याचा विस्तार अडीच एकर. म्हणजे पाट्या किती? केतकी वाट बघत होती.

"साधारण तेहतीस लाख," आत्या म्हणाली. "अकराशे वर्षांत. म्हणजे वर्षाला तीन हजार. घरामागे..." तिने केतकीकडे बघितलं.

"पन्नास," केतकी म्हणाली.

आत्याने डोळ्यांवर हात ठेवला. "मी नऊ वर्षांची असताना हीच पाटी वाहिली आहे. इथेच पसरली आहे. आणि पाच दिवस त्या तंबूत बसून मला एकदाही आठवलं नाही. सण होता ना. कामात कोण धरतं त्याला?"

पण आत्या शास्त्रज्ञ होती. आकडे जुळले म्हणजे सिद्ध झालं असं तिला चालत नव्हतं. "गोष्ट चांगली आहे," ती म्हणाली, "पण सुनावणी घेणारे कुलथेसाहेब विचारतील, ही माती तळ्यातूनच आली कशावरून? वरून घसरलेली मातीही ऊन पाहूनच येते."

"वरल्या रानात नांगरताना शंख सापडतात," केतकी म्हणाली. "छोटे, गोगलगायीचे. आम्ही खेळतो त्यांनी. बाबा म्हणतात, पूर्वी इथे समुद्र होता."

"तुझे बाबा लहानपणी मलाही तेच सांगायचे. सह्याद्रीचा दगड समुद्रातला नाही, लाव्ह्याचा आहे." आत्या उठलीच. "हे शंख गोड्या पाण्यातले. तळ्यातले. वरच्या वीतभर मातीतच सापडत असतील, खाली ते विरघळून जातात. पण तळ्यात आणखी एक गोष्ट असते, ती विरघळायला फार वेळ लागतो. चल."

ती गोष्ट म्हणजे काचशेवाळ. डोळ्यांना न दिसणारं शेवाळ, प्रत्येक पेशीभोवती काचेची नक्षीदार डबी असलेलं. ते साचलेल्या पाण्यातच वाढतं. शेवाळ मरतं, डबी उरते. आत्याने वरल्या रानाच्या नळीतली माती धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. वीतभर खालची, हातभर खालची, मग दोन हात खालची. केतकीने डोळा लावला. करड्या कचऱ्यात होड्यांसारख्या, चाळणीसारख्या पारदर्शक डब्या पसरल्या होत्या. प्रत्येक थरात त्या होत्या. डोंगराच्या माथ्याखाली, जिथे पाऊलभर पाणीही कधी साचलं नाही तिथे, तळ्याचा तळ होता.

मग दोघी गावाच्या शिवेपलीकडे गेल्या. तोच डोंगर, तोच उतार, पण तिथे गुरचरण होती; तिथे कुणी कधी पाटी नेली नव्हती. आत्याने नळी खुपसली. वितीवर खडक लागला. त्या वीतभर मातीत काचेची एकही डबी नव्हती.

"हा बघ," आत्या म्हणाली, "न उचललेला डोंगर."

दोन हात आणि एक वीत. केतकीने दोन्ही हात पसरून ते अंतर मोजून पाहिलं. कुणाकुणाच्या डोक्यावरून आलेली ती माती. नावं कुणाचीच माहीत नाहीत. तिला एकदम उंच झाल्यासारखं वाटलं.

शनिवारी शाळेत मंडळाचे कुलथेसाहेब आले. कोरडा, सावकाश बोलणारा माणूस, पण कान देऊन ऐकणारा. सारं गाव व्हरांड्यापर्यंत दाटलं होतं. आत्याने आधी आपला पहिला निकाल वाचला, मग तो चुकला असं सांगितलं, आणि का चुकला ते एकेक करून दाखवलं: कण कोवळे होते ते उतार घसरल्यामुळे नव्हे, पावसात धुपलेली माती बायांनी उन्हात पसरून परत चढवल्यामुळे. सूक्ष्मदर्शकातली चित्रं पडद्यावर आली तेव्हा बाया पुढे सरकल्या.

कुलथेसाहेबांनी एक कागद वर केला. "गावाने भरून दिलेला हा अर्ज. 'माती अडवण्यासाठी गावाने केलेली कामे' या रकान्यात सरपंचांनी लिहिलं आहे: 'नाहीत'. सही आहे. अकराशे वर्षं काम चालू होतं, तर हे का लिहिलंत?"

बाबा उभे राहिले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "साहेब, त्यात कामं विचारली होती. हा बायांचा सण. तो कामात लिहायचा, हे डोक्यातच आलं न्हाई. कुणाच्याच. ज्या वाहायच्या त्यांच्याही न्हाई."

"आता लिहाल?"

"लिहितो. आणि साहेब, ती सही माझी होती. चूक झाली ती माझ्यापासून सुरू झाली, सुवर्णाच्या यंत्रापासून न्हाई." तिच्याकडे न बघताच ते खाली बसले. आत्या मात्र त्यांच्याकडेच बघत होती.

साहेबांनी ठकूआजीला विचारलं, "हे कुणी सुरू केलं, काही सांगतात का तुमच्यात?"

"न्हाई बा. कुणीतरी अशी असंल, की जिचं शेत खडकाला लागलं. तिनं एक पाटी आणली असंल. शेजारणीनं बघितलं असंल."

साहेब म्हणाले, "मी अठ्ठावीस वर्षं मातीत काम करतोय. माणसाने डोंगर उतरवल्याचे पुरावे पुष्कळ पाहिले. माणसाने डोंगर परत चढवल्याचा हा पहिलाच." त्यांनी पेन उचललं. "वरलं रान लाल नाही. एक अट: पाट्या पुन्हा पन्नास करा. आणि पुरुषांनीही वाहायच्या."

बायांमध्ये हशा पिकला. एक बाई नवऱ्याकडे बघून म्हणाली, "आता दिसंल, कोण धापा टाकतं ते."

सगळे उठू लागले, तशी केतकी पुढे गेली. "साहेब, खालचा काळा थरही लिहा. जाळल्याचा."

बाबा दबक्या आवाजात म्हणाले, "केतके, निकाल लागलाय. गप."

"नाही, लिहाच. ते लिहिलं नाही तर पाट्या कशासाठी वाहिल्या ते कसं कळेल कुणाला?" तिची मान ताठ होती. "ज्यांनी जाळलं ते आपले नसतीलही. पण ज्यांनी उचललं त्यांनी हे विचारलं नाही, की कुणी जाळलं."

कुलथेसाहेबांनी ते लिहून घेतलं. ठकूआजी पदराने तोंड पुसत शेजारणीला म्हणाली, "मान बघ पोरीची. घट्टा पडंल चांगला."

दुपारी बाबांनी आत्याच्या ताटात स्वतः ताक वाढलं. "घे, सुवे," एवढंच म्हणाले. आत्या ते एका दमात प्यायली. जेवण झालं. ओसरीवर बसून तिने पिशवीतून एक जाड फाइल काढली आणि पान न उलटता तशीच मांडीवर धरून ठेवली.

"काय झालं?" केतकीने विचारलं.

"धामणटेपच्या आधी मी सतरा गावं वाचली आहेत. त्यांतली सहा लाल ठरली. दोन गावं खाली गेलीसुद्धा." "त्या सहाही अर्जांत लिहिलंय, 'नाहीत'. आणि मी कुणालाच काही विचारलं नाही. मातीला सोडून."

"त्यांचीही माती उचललेली असेल?"

"नसेल. असेल. खरंच घसरणारेही उतार असतात केतकी. एकदम आशा लावून चालत नाही."

"मग विचारायला काय हरकत आहे?"

"मंडळाची मॅडम बोलतेय म्हटल्यावर ते फोनच ठेवतील. त्यांनी तर तसंच करायला हवं."

केतकीने आत्याच्या मांडीवरची फाइल स्वतःकडे ओढली. पहिल्या लाल पानावर गावाचं नाव होतं, बोरकडा, आणि खाली सरपंचबाईंचा नंबर. तिने आत्याचा फोन उचलला आणि नंबर दाबला. तीनदा घंटी वाजली. पलीकडून एका बाईचा थकलेला आवाज आला.

"मी केतकी मुठे, धामणटेपची," केतकी म्हणाली. "सहावीत आहे. काकू, कामाचं नाही विचारत. तुमच्या गावात बाया मातीचं काही करतात का? सणाला, लग्नात, कशातही?"

पलीकडे कुठेतरी कोंबड्या ओरडत होत्या.

"सण न्हाई बाई," आवाज शेवटी म्हणाला. "पण आमच्यात नवी सून आली, की पहिल्या वर्षी तिला ओढ्यावर धाडतात..."

केतकीने फोन खांदा आणि कानामध्ये धरला, पेनाचं टोपण दातांनी काढलं आणि वहीच्या कोऱ्या पानावर वरती लिहिलं, 'बोरकडा'. मग म्हणाली, "सावकाश सांगा काकू. मी सगळं लिहून घेतेय."